खूणगाठ बांधावी कशी: मुलांच्या लक्षात न राहणाऱ्या गोष्टींसाठी युक्त्या, पायरी पायरीने

"धमनी रक्त हृदयाकडे आणते की हृदयापासून दूर नेते?" हा प्रश्न मी मुलांना विचारते, तेव्हा साधारण निम्मी मुलं बरोबर सांगतात. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला की त्यातली काही चुकतात आणि आधी चुकलेली बरोबर सांगतात. म्हणजे माहीत कुणालाच नसतं, मनातल्या मनात नाणेफेक चाललेली असते. धडा मात्र सगळ्यांनी चार-चार वेळा वाचलेला असतो. मग मी एवढंच म्हणते: शिरा शिरते, धमनी धाडते. शिरेतून रक्त हृदयात शिरतं, धमनी ते बाहेर धाडते. त्यानंतर हा प्रश्न नाणेफेकीवर राहत नाही.

या चार शब्दांनी जे काम केलं त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: खूणगाठ. गाठ स्वतः काही सांगत नाही, ती फक्त आठवणीकडे बोट दाखवते. म्हणून गाठ नुसती चमकदार असून चालत नाही. ती मुलाच्या हातची असावी लागते आणि पुन्हा पुन्हा उलगडून पाहावी लागते. पालक आणि शिक्षक बहुतेक वेळा छानशी युक्ती सांगून थांबतात आणि दोन आठवड्यांनी "एवढं सांगूनही विसरलास?" म्हणतात. त्यामुळे या लेखात युक्त्यांबरोबर त्या मुलाकडून बनवून कशा घ्यायच्या आणि पक्क्या कशा करायच्या, हेही सविस्तर सांगते.

आधी ठरवा, गाठ कशाला हवी आणि कशाला नको

धडा उघडा, मुलाला शेजारी बसवा आणि लक्षात ठेवायच्या प्रत्येक गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारा: "हे असंच का?" कारण सांगता आलं तर गाठ नको. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात "भागिले दोन" कुठून आलं, हे एकदा कागदी आयत कर्णावर कापून दाखवलं की सूत्राला युक्ती लागत नाही. दिवस-रात्र का होतात, बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे समजून घ्यायचे विषय आहेत. इथे युक्ती दिली तर मूल समजून घेण्याची पायरीच गाळतं.

उत्तर "असंच ठरलंय" किंवा "असंच नाव आहे" असं आलं, तर तिथे गाठ हवी. ग्रहांचा क्रम, एखादं साल, परक्या भाषेतला शब्द, जवळजवळ सारखी दिसणारी दोन नावं. यांना आतून आधार नसतो, म्हणून बाहेरून द्यावा लागतो. एका बैठकीत अशा पाच-सहा गोष्टी पुरे. त्यांचे चार गट पाडा: जोड्या, क्रम, आकडे आणि शब्द. प्रत्येक गटाची गाठ वेगळी असते.

"स्मरणशक्ती वाढवा" अशा आश्वासनांना भुलू नका, हेही इथेच सांगते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली एका विद्यार्थ्यावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्याला एका दमात सात आकडे लक्षात राहत. २३० तासांहून अधिक सरावानंतर तो ७९ आकडे म्हणून दाखवू लागला. तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट शर्यतीतल्या वेळा समजून मनात साठवायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तेव्हा गाडी पुन्हा सहाच्या आसपास. म्हणजे शक्ती वाढली नव्हती, आकड्यांना पकडायची मूठ तयार झाली होती. मुलालाही हेच सांगा: "तुझी स्मरणशक्ती कमी नाही, या गोष्टीला अजून मूठ नाही."

गोंधळ घालणाऱ्या जोड्या

सुरुवात इथून करा, कारण फळ लगेच दिसतं. नियम एकच: जोडीतल्या एकालाच गाठ बांधा. दुसरं आपोआप उरतं. दोघांना दोन सुट्या युक्त्या दिल्या की मूल युक्त्यांचीच अदलाबदल करतं. "शिरा शिरते, धमनी धाडते" मध्ये दोघी आहेत, पण ती एकच गाठ आहे.

अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं घ्या. अक्ष आडवे. दोन्हींच्या सुरुवातीला अ-आ, संपलं. रेखावृत्तांबद्दल काहीच बोलायचं नाही. हे म्हणताना मुलाला दोन्ही हात बाजूला आडवे पसरायला सांगा. शरीराने केलेली खूण तोंडी खुणेपेक्षा चिवट असते.

आम्ल आणि लिटमसचा गोंधळ असाच. आम्लात निळा लिटमस तांबडा होतो. आ-नि-तां. "आनितां" हे जवळजवळ एखाद्या मुलीचं नाव वाटतं, म्हणून जिभेवर बसतं. आम्लारीचं उलट, ते वेगळं पाठ करायची गरज नाही.

गाठ चांगली आहे की नाही याची परीक्षा म्हणजे ती उलटी करून पाहणं. "अक्ष उभे" म्हटलं तर कान लगेच अडतो, म्हणून ती चांगली. "धमनीत शुद्ध रक्त" ही युक्ती मात्र मी देत नाही. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, त्यामुळे वरच्या वर्गात ही गाठ मुलाला तोंडघशी पाडते. "धाडते" ही गाठ फुप्फुसांपाशीही टिकते. आज सोपी आणि उद्या खोटी ठरणारी गाठ देऊ नये.

आता मुलाकडून गाठ बनवून घ्यायची. मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारते:

१. या शब्दाच्या पोटात दुसरा एखादा शब्द लपलाय का? शिरा शब्दात "शिर" सापडतं ते असं.
२. पहिलं अक्षर उत्तरातल्या कशाशी जुळतं का?
३. हाताने, तोंडाने, उभं राहून करून दाखवता येईल का?

दोन मिनिटं गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे, कारण आपल्याला उत्तर सुचलेलं असतं. पण मुलाने शोधलेली वेडीवाकडी गाठ आपल्या देखण्या गाठीपेक्षा जास्त टिकते. शोधताना त्याने त्या शब्दाकडे दहा बाजूंनी पाहिलेलं असतं, आणि अर्धं पाठांतर तिथेच झालेलं असतं.

क्रम: आद्याक्षरांची माळ

तानापिहिनिपाजा. हा शब्द न ऐकलेलं मराठी घर विरळा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा: सात सुट्या गोष्टींचा एक शब्द झाला. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं होतं की माणसाला एका वेळी सातच्या आसपास, दोन कमी किंवा दोन जास्त, इतकेच "तुकडे" मनात धरता येतात. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारच्या जवळ आणला. तुकडा केवढा असावा यावर मात्र बंधन नाही, आणि आद्याक्षरांची माळ त्याचाच फायदा घेते.

पण या प्रसिद्ध शब्दातच एक खड्डा आहे. "पा म्हणजे काय?" असं विचारून पाहा. कितीतरी मुलं "पांढरा" म्हणतात. माळ पाठ असते, मणी हरवलेला असतो. म्हणून आद्याक्षरांची युक्ती शिकवताना उलट परीक्षा सोडायची नाही. मधलंच अक्षर द्या आणि पूर्ण शब्द विचारा. जिथे अडेल तिथे त्या एकाच अक्षराला दुसरी छोटी गाठ. पारव्याची निळसर झाक असलेली मान डोळ्यांपुढे आणली की हा खड्डा बुजतो.

माळ बनवताना ती कुठे तोडायची याचाही विचार करा. ग्रहांची आद्याक्षरं बु-शु-पृ-मं-गु-श-यु-ने. सलग म्हटलं तर जीभ अडखळते. "बुशु-पृमं, गुश-युने" असं चार-चारांत तोडा, की चाल मिळते. आणि हा स्वल्पविराम नुसता श्वासासाठी नाही. त्याच्या अलीकडचे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाळ ग्रह, पलीकडचे गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे राक्षसी ग्रह. एका विरामात एक जादा माहिती बसली. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळलं, त्यामुळे घरात जुनी नऊ ग्रहांची माळ चालत असेल तर ती बदला.

आद्याक्षरं प्रत्येक वेळी चालत नाहीत. आकाराने मोठ्याकडून लहानाकडे खंड मांडले तर आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, युरोप, ऑस्ट्रेलिया. सुरुवातीलाच दोन "आ", त्यातला कुठला आधी ते कळणार कसं? अशा वेळी दुसरं अक्षर घ्या: "शि-फ्रि", मग "उ-द", मग "अं-यु-ऑ". नियम मुलाने मोडला तरी हरकत नाही. कुठलं अक्षर घ्यायचं हे त्याचं त्यानेच ठरवलेलं असलं म्हणजे झालं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडणारी माळ कवितेच्या वृत्तांतल्या गणांची, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या तीन-तीनच्या गटांची आहे: यमाताराजभानसलगा. दहा अक्षरांत आठ गण. "य" गण कसा, तर "य"पासून तीन अक्षरं घ्या: यमाता, म्हणजे लघु-गुरू-गुरू. "र" गण? राजभा, गुरू-लघु-गुरू. "न" गण? नसल, तिन्ही लघु. शेवटचे ल आणि गा म्हणजे लघु आणि गुरू. इथे गाठ आणि माहिती वेगळी राहिलेलीच नाही, शब्द स्वतःच तक्ता आहे. मुलाला हे सांगून टाकू नका. शब्द लिहून द्या, "य" गण दाखवा आणि "म" गण त्याला शोधू द्या. सापडल्यावर त्याचा चेहरा पाहा.

महिन्यांच्या दिवसांसाठी मूठ: बोटांच्या उंचवट्यावर ३१, खळगीत ३० किंवा फेब्रुवारी. जुलै शेवटच्या उंचवट्यावर येतो आणि ऑगस्ट पुन्हा पहिल्या उंचवट्यापासून. मुलं चुकतात ती नेमकी इथे, म्हणून "जुलै-ऑगस्ट, दोघे उंच" एवढं वेगळं म्हणून घ्या.

चित्र आणि जागा

अक्षरांची माळ कोरडी वाटते त्या मुलांसाठी, आणि प्रत्येक नावाबरोबर थोडी माहितीही जोडायची असते तेव्हा, जागेची युक्ती वापरा. सगळ्यांत सोपी जागा म्हणजे स्वतःचं शरीर.

वातावरणाचे थर खालून वर: तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, दलांबर, बाह्यांबर. मुलाला उभं करा.

तळपायावर हात: तपांबर. त-त जुळलं. पायाखाली चिखल, कारण ऊन-पाऊस-वारा सगळं याच थरात.
गुडघ्यांवर हात: स्थितांबर. गुडघे ताठ, स्थिर उभे. ओझोनचा थर इथे, म्हणून गुडघ्यांवर छत्री धरल्यासारखं करा.
पोटावर हात: मध्यांबर. शरीराचा मध्य. बाहेरून येणाऱ्या बहुतेक उल्का इथे जळतात, तेव्हा पोटात आग पडल्याचा अभिनय.
दंडावर हात: दलांबर. द-द. ध्रुवीय प्रकाश या थरात दिसतो, म्हणून दंडावर रंगीत पट्टे चितारल्याची कल्पना.
दोन्ही हात डोक्याच्या बाहेर, उंच: बाह्यांबर. पुढे अवकाश.

एकदा सावकाश, एकदा भरभर, एकदा वरून खाली. मग डोळे मिटून, हात न हलवता. परीक्षेत तो बाकावर बसून पायाची बोटं किंचित हलवेल, तेवढं त्याला पुरेल.

यादी मोठी असेल तर घर वापरा. ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक कवी सायमोनिडीस मेजवानीतून बाहेर पडला आणि मागे छत कोसळलं, तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने मृतांची ओळख पटवली, अशी कथा आहे. रोमन वक्ता सिसेरो याने ती लिहून ठेवली. जागा आठवली की माणूस आठवतो, एवढंच त्यातलं तत्त्व.

समजा व्हिटाकर यांनी १९६९ साली सुचवलेल्या सजीवांच्या पाच सृष्टी पाठ करायच्या आहेत. आधी मुलाबरोबर घरात खरोखर चालत जा आणि पाच थांबे ठरवा: दार, चपलांची जागा, खुर्ची, खिडकी, पलंग. क्रम चालण्याचाच हवा. मग प्रत्येक थांब्यावर चित्र ठेवा. दाराच्या कडीला सुटे मोती लटकलेत: मोनेरा, एकपेशीय जीवाणू. चपलेखाली चिखल आणि त्यात अमीबा सरपटतोय: प्रोटिस्टा. खुर्चीवर भलीमोठी अळंबी फुगून बसलीय: कवके. खिडकीतून वेल आत शिरून पंख्याला गुंडाळलीय: वनस्पती. पलंगावर हत्ती घोरतोय: प्राणी. चित्र हलणारं, आवाज करणारं, थोडं अशक्य असावं. "खिडकीत कुंडी आहे" हे चित्र विसरलं जातं, कारण तशी ती असतेच.

एकाच घरात एकाच आठवड्यात दोन याद्या ठेवू नका. दुसऱ्या यादीसाठी शाळेचा रस्ता घ्या, किंवा जागांऐवजी गोष्ट करा. गोष्टीची ताकद बॉवर आणि क्लार्क यांच्या १९६९ च्या प्रयोगात छान दिसली. दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या होत्या. शब्द गुंफून गोष्ट रचणाऱ्यांना शेवटी सुमारे ९३ टक्के शब्द आठवले, नुसते पाठ करणाऱ्यांना सुमारे १३ टक्के.

आकडे

पाढ्यांत आधी ओझं कमी करा. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार असतात. पण ३ गुणिले ७ आणि ७ गुणिले ३ एकच, म्हणून उरले ५५. एक आणि दहाचे पाढे पाठ करावे लागत नाहीत, उरले ३६. दोनचा आणि पाचचा सहज येतो, नऊचा बोटांवर येतो. ते काढले की ३, ४, ६, ७, ८ यांचे आपापसातले फक्त १५ गुणाकार शिल्लक राहतात. हे मुलाला कागदावर खोडून दाखवा. शंभराचे पंधरा होताना पाहिलं की भीतीच अर्धी होते.

नऊचा पाढा: दोन्ही पंजे समोर धरा. नऊ चोक हवे असतील तर डावीकडून चौथं बोट मिटा. डावीकडे तीन, उजवीकडे सहा: छत्तीस. थोड्या मोठ्या मुलाला का ते विचारा. चार दाहे चाळीस, त्यातून चार गेले.

उरलेल्या पंधरांतही गाठी आहेत. १, २, ३, ४ म्हणजे १२ = ३ × ४. आणि ५, ६, ७, ८ म्हणजे ५६ = ७ × ८. सहाने सम आकड्याला गुणलं की एककस्थानी तोच आकडा आणि दशकस्थानी त्याचा निम्मा: ६ × ४ = २४, ६ × ८ = ४८. याशिवाय जे उरेल ते लयीत म्हणून घ्या. "बे एके बे, बे दुणे चार" ही चाल मुलं कंटाळून म्हणत असली तरी चाल हीच एक गाठ आहे, ती मोडू नका. फक्त चालीशिवाय, मधूनच विचारलेलंही यायला हवं. सात साता सांगायला "सात एके सात"पासून सुरुवात करणाऱ्या मुलाचा पाढा पाठ आहे, गुणाकार नाही.

सालांसाठी माझा आवडता मार्ग कटपयादीचा. अंकांना व्यंजनं नेमून देण्याची ही जुनी भारतीय पद्धत. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्ता रागांच्या नावांत क्रमांक याच पद्धतीने लपवलेले आहेत. तिथे अक्षरं उलट वाचतात: मेचकल्याणीतला म ५ आणि च ६, उलटवून ६५ वा राग. मुलांसाठी मी उलटवत नाही, सरळ डावीकडून वाचते. तक्ता असा:

१: क ट प य
२: ख ठ फ र
३: ग ड ब ल
४: घ ढ भ व
५: ङ ण म श
६: च त ष
७: छ थ स
८: ज द ह
९: झ ध
०: ञ न

काना-मात्रा-वेलांटीला किंमत नाही, त्यामुळे दोन व्यंजनांतून हवा तो शब्द घडवता येतो. शतक मुलाला संदर्भाने कळतं, म्हणून शेवटचे दोनच आकडे घ्या. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३: ० म्हणजे न, ३ म्हणजे ग, नाग. विमानाच्या पंखावर नाग वेटोळं घालून बसलाय. टायटॅनिक बुडाली १९१२: पूर. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं १९२८: राजा, बुरशीचा मुकुट घातलेला. एव्हरेस्टवर पहिलं पाऊल १९५३: शाल, शिखरावर पांघरलेली. तक्ता शिकायला आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन-तीन सालांसाठी हा खटाटोप करू नका. इतिहासाची पंधरा-वीस सालं समोर असतील तर मात्र तो वसूल होतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही गुप्त लिपी वाटते आणि ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागतात.

पायची किंमत हवी असेल तर शब्दांतली अक्षरं मोजा: "गणित हे आवडते ना मुलामुलींना?" तीन, एक, चार, एक, पाच. ३.१४१५.

परक्या भाषेतले शब्द

शब्दाचा उच्चार मराठीतल्या एखाद्या शब्दासारखा वाटतो का, ते ऐका. मग तो मराठी शब्द आणि परका अर्थ एका चित्रात कोंबा. इंग्रजीत डबक्याला पडल म्हणतात: बाळ डबक्यात पडलं. शिखर म्हणजे पीक: डोंगराच्या टोकावर पीक डोलतंय. शेपूट हलवणं म्हणजे वॅग: वाघ कुत्र्यासारखा शेपूट हलवतोय. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ साली रशियन शब्दांवर हीच रीत तपासली आणि नुसत्या पाठांतरापेक्षा ती सरस ठरली. जे शब्द असे जुळत नाहीत ते ओढूनताणून जुळवू नका, ते वाक्यात वापरूनच येतात. आणि उच्चार गाठीसारखा होत नाही ना, यावर कान ठेवा. वॅगचा वाघ होऊन चालणार नाही.

गाठ पक्की करणं

आता सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा भाग.

हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःलाच निरर्थक शब्द पाठ करायला लावून १८८५ साली दाखवून दिलं की विसरण्याचा उतार सुरुवातीलाच सगळ्यांत तीव्र असतो. पहिल्या तासा-दिवसात पुष्कळ गळतं, मग गळती मंदावते. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी, झोपायच्या आधी. दुसरी दुसऱ्या दिवशी. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने.

आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे पुढे गेले. घरात नेमकी हीच फसगत होते. मूल तीनदा वाचतं, लगेच विचारलं तर येतं, आणि "झालं पाठ" म्हणून वही मिटते.

त्यासाठी एक डबा करा. पुठ्ठ्याचा चालेल, आत चार कप्पे. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे, मी थोडी सोपी करून वापरते.

प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड. पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि मागच्याच कोपऱ्यात गाठ, मुलाच्या हस्ताक्षरात किंवा चित्रात, पेन्सिलीने. पेन्सिलच का, ते पुढे येईल. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. न बघता बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. दिवसाला दहा मिनिटं, जास्त नाही. कार्ड मुलाने स्वतः सरकवायचं. ते पुढे जाताना पाहणं हेच त्याचं बक्षीस, वेगळं काही देण्याची गरज मला कधी वाटली नाही.

मूल अडलं तर उत्तर सांगू नका, गाठीचं टोक सांगा. "शिरा काय करते?" एवढंच. तरीही आलं नाही तर गाठच सैल आहे. ती टाकून दुसरी बनवा, मुलाला बोल लावू नका. एकच कार्ड तीनदा पहिल्या कप्प्यात परत आलं तर मी ते बाजूला काढते आणि धडा उघडते. बहुतेक वेळा ती गोष्ट त्याला समजलेलीच नसते.

कुठल्या वयाला काय

जॉन फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली एक गमतीशीर प्रयोग केला. मुलांच्या डोक्यावर खेळण्यातलं अंतराळवीराचं शिरस्त्राण घातलं, त्याची झडप डोळ्यांवर ओढली आणि ओठ पाहिले. लक्षात ठेवायला सांगितलेली नावं दहा वर्षांची बहुतेक मुलं पुटपुटत होती, पाच वर्षांची क्वचितच. पुढच्या प्रयोगांत लहानांना पुटपुटायला सांगितलं तर त्यांनाही जमलं, पण सांगणं थांबताच कित्येकांनी ते सोडून दिलं.

म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाने युक्ती आपणहून वापरावी ही अपेक्षाच नको. त्याच्यासाठी चाल, टाळ्या, हातवारे, आणि दर वेळी तुमची सोबत. सात-आठला चित्रं आणि शरीराचे थांबे रंगतात. गाठ स्वतः बनवणं साधारण नऊच्या पुढे जमू लागतं. कटपयादी, घरातली यादी, स्वतःचा डबा सांभाळणं हे दहा-अकराला द्या. वय अंदाजापुरतं धरा, मूल पाहून ठरवा.

वाचनात किंवा शब्द ओळखण्यात अडचण असलेल्या मुलांना आद्याक्षरांच्या माळा बहुतेक वेळा जाच होतात. तिथे सरळ चित्र, जागा आणि हालचालींकडे वळा.

आता त्या पेन्सिलीबद्दल. कार्ड चौथ्या कप्प्यात पोचलं की मुलाला प्रश्न विचारा आणि त्याचे ओठ पाहा. "शिरा शिरते" असं पुटपुटून मग तो उत्तर देत असेल तर गाठ अजून लागते आहे, तशीच राहू द्या. पुटपुटणं न होता उत्तर थेट आलं, आणि युक्ती विचारल्यावर त्याला ती आठवायला क्षणभर लागला, तर त्याच्या हातात खोडरबर द्या आणि कोपऱ्यातली गाठ त्यालाच पुसू द्या.